पर्ड्यू बास्केटबॉल २०२३-२४ : अंदाज, अपेक्षा आणि गार्डांचा (बॉल पुढे आणणाऱ्यांचा) प्रश्न

वाबॅशकाठ | १७ ऑक्टोबर २०२३

अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलची एपीची (असोसिएटेड प्रेस वृत्तसंस्था) हंगामपूर्व क्रमवारी काल आली. कॅन्सस पहिलं, ड्यूक दुसरं, आपलं इंडियानातलं पर्ड्यू विद्यापीठ तिसरं, मिशिगन स्टेट चौथं, मार्केट पाचवं. नवा धागा उघडायला एवढं निमित्त पुरे. मागच्या धाग्याची शेवटची दोन पानं मार्चमधल्या रडारडीने भरली आहेत, ती इथे नकोत.

परिस्थिती थोडक्यात. गेल्या हंगामात २९ विजय, ६ पराभव. बिग टेनची (आपल्या विद्यापीठगटाची) साखळीही जिंकली आणि स्पर्धाही. मग एनसीएएच्या मार्चमधल्या राष्ट्रीय बाद स्पर्धेत अव्वल मानांकन घेऊन पहिल्याच फेरीत सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून (एफडीयू) ६३-५८ असा पराभव. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्याने पहिल्याला हरवण्याची ही दुसरीच वेळ.

७ फूट ४ इंचांचा झॅक एडी एनबीए ड्राफ्टमधून नाव मागे घेऊन परत आला आहे (२२.३ गुण, १२.९ रिबाउंड, वर्षातला सर्वोत्तम खेळाडू). ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर, मेसन गिलिस, ईथन मॉर्टन, केलेब फर्स्ट, ट्रे कॉफमन-रेन सगळे आहेत. ब्रँडन न्यूमन वेस्टर्न केंटकीला गेला, डेव्हिड जेंकिन्सची वर्षं संपली. सदर्न इलिनॉयहून लान्स जोन्स आला. कॅमडेन हायडी आणि स्वीडनचा विल बर्ग गेल्या वर्षी रेडशर्ट (संघात, पण न खेळवता राखून ठेवलेले) होते, ते आता मोकळे. नवा भरती माइल्स कॉल्विन.

प्रश्न तीन. सुरुवातीचे पाच कोण? साखळीत किती पराभव? मार्चमध्ये कुठपर्यंत (स्वीट सिक्स्टीन म्हणजे शेवटचे १६, एलिट एट ८, फायनल फोर ४)? नुसते आकडे टाकू नका, कारण लिहा.

तीनसेकंद | १७ ऑक्टोबर

स्मिथ, जोन्स, लॉयर, कॉफमन-रेन, एडी. गिलिस सहावा. साखळीत चार पराभव. एलिट एट.

एडीबद्दल इथे लिहायचं काही राहिलेलं नाही. तो वीस-बावीस गुण काढणारच, त्याच्यावर डबल टीम (दोन रक्षक) येणारच. घोडं पेंड खातं ते बॉल त्याच्यापर्यंत पोचण्याआधी. गेल्या वर्षी २२ विजय आणि १ पराभव इथवर मजल मारली आणि मग सहांतले चार सामने घालवले. इंडियाना दोनदा, नॉर्थवेस्टर्न, मेरीलँड. तिन्ही संघांनी पहिला दाब एडीवर टाकलाच नाही, स्मिथवर टाकला. अर्ध्या रेषेच्या अलीकडेच त्याला अडवा, बॉल दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ द्या, आणि तो दुसरा काय करतो ते बघत बसा. दुसरा म्हणजे लॉयर. तो नेमबाज आहे, दाबाखाली ड्रिबल करणारा नाही. तिसरा मॉर्टन, जो मोकळा असूनही शॉट घेत नाही, म्हणून त्याचा रक्षक बिनधास्त त्याला सोडून एडीच्या मांडीवर येऊन बसतो.

सेकंदांचा हिशोब मांडून बघा. शॉट क्लॉक (शॉट घ्यायची मुदत) ३० सेकंदांचं. प्रेसमुळे (मैदानभर टाकलेल्या दाबामुळे) अर्धी रेषा ओलांडायला आठ-नऊ सेकंद गेले. रचना लावायला चार-पाच. एडी जागा पकडून हात वर करेपर्यंत १५ उरतात. पहिला एंट्री पास (एडीकडे आत टाकायचा) बंद दिसला, बॉल दुसऱ्या बाजूला फिरवला, की ७-८ उरतात. म्हणजे एका पझेशनमध्ये (बॉल आपल्याकडे असतानाच्या डावात) एडीला शोधायची एकच संधी. प्रेस नसेल तर दोन, कधी तीन मिळतात. चेंडू चोरता आला नाही तरी प्रेसचं काम होतं ते असं.

केनपोहे | १७ ऑक्टोबर

तीनसेकंद यांना अनुमोदन, पण माझ्या मते मोठा रोग नेमबाजीचा.

एफडीयूविरुद्ध पर्ड्यूने तीनचे (लांबून, तीन गुणांचे) २६ शॉट घेतले, ५ आत गेले. पूर्ण हंगामाचं प्रमाण ३२ टक्क्यांच्या आसपास होतं. त्या प्रमाणाने २६ मधले आठ जायला हवे होते. तीन जास्त, म्हणजे नऊ गुण. हरलो पाचने.

आता 'त्या दिवशी नशीब फुटकं होतं' म्हणायच्या आधी गणित करू. ३२ टक्के नेमबाजीचा संघ २६ शॉटमध्ये पाच किंवा त्याहून कमी टाकेल याची शक्यता साधारण १२ टक्के. आठ सामन्यांतून एकदा अशी रात्र येणारच. विजेतेपदाला सहा सामने सलग जिंकावे लागतात. सहांत निदान एक तरी अशी रात्र येण्याची शक्यता ५४ टक्के! तेच प्रमाण ३७ टक्क्यांवर न्या, तर एका सामन्यातली शक्यता पाचावर येते आणि सहा सामन्यांतली २६ वर. पाच टक्क्यांच्या सुधारणेने धोका निम्मा होतो.

म्हणून माझं लक्ष एकाच आकड्याकडे राहील. डिसेंबरअखेर संघाचं तीनचं प्रमाण ३६ च्या वर असेल तर फायनल फोर. ३३ च्या खाली असेल तर दुसऱ्या आठवड्यातच घरी.

शिट्टी | १७ ऑक्टोबर

केनपोहे, गणित सुबक आहे, पण प्रत्येक शॉट सुटा आणि सारखा असं त्यात धरलंय. तसं नसतं. शॉट क्लॉकच्या शेवटच्या चार सेकंदांत घाईने मारलेला तीन आणि एडीवर दोघे धावल्यावर बाहेर आलेल्या पासवर पाय रोवून मारलेला तीन यांचं प्रमाण एक नसतं. एफडीयूविरुद्धचे बरेचसे शॉट मोकळे होते हे खरं, पण मारणारे पाय थकलेले होते आणि डोकी गांगरलेली. शिवाय १६ टर्नओव्हर (शॉट न घेताच बॉल गमावणं). शॉट चुकला तर एडी रिबाउंड तरी घेतो. टर्नओव्हरला रिबाउंड नसतो.

प्रेस आणि नेमबाजी हे दोन रोग नाहीत, एकाच रोगाची दोन लक्षणं आहेत.

केनपोहे | १७ ऑक्टोबर

मान्य. पण वाईट रात्र सहन करायची ताकद लागतेच. ती बचावातून येते, आणि तिथेही आपली बाजू लंगडी. समोरच्याकडून टर्नओव्हर काढण्यात पर्ड्यू देशाच्या तळाशी असतं. एडीला रिमजवळ (बास्केटच्या कड्याजवळ) ठेवायचं म्हणून सगळे मागे सरकतात, त्यामुळे चोरीतून मिळणारे फुकटचे लेअप नाहीत. शॉट पडत नसतील त्या दिवशी दुसरा झराच नाही.

अनुजा_डी | १८ ऑक्टोबर

एडीला फ्रंट करतात तेव्हा नक्की काय करायला हवं, हे कुणी नीट लिहील का? टीव्हीवर समालोचक नुसतं 'त्याला बॉल द्या' म्हणत राहतात.

पोस्टअप_पाटील | १८ ऑक्टोबर

लिहितो, जरा लांबेल.

फ्रंट म्हणजे रक्षक एडीच्या मागे न राहता एडी आणि बॉल यांच्या मधे उभा राहतो. एकटा रक्षक असं करू शकत नाही, डोक्यावरून पास गेला की रिमखाली एडी एकटा. म्हणून विरुद्ध बाजूचा एक जण एडीच्या पाठीशी येऊन उभा राहतो. पुढे एक, मागे एक, मधे आपला उंच माणूस. एफडीयू डिव्हिजन वनमधला सगळ्यात बुटका संघ, त्यांनी हेच केलं. एडीने पूर्ण सामन्यात ११ शॉट घेतले. गुण २१, रिबाउंड १५, आणि तरी हार.

यावर उपाय चार, आणि चारही प्रशिक्षक पेंटरच्या वहीत आधीपासून आहेत.

पहिला, कोन बदला. पास देणारा विंगवर, फ्री थ्रो रेषेच्या वर उभा असेल तर पास लांब पडतो आणि फ्रंट करणाऱ्याला हात घालायला वेळ मिळतो. एक-दोन ड्रिबल घेऊन त्या रेषेच्या खाली, बेसलाइनकडे उतरलं की रक्षकाला पाय हलवून जागा बदलावी लागते. त्याच क्षणी एडी त्याला पाठीवर घेऊन अडकवतो. हे ड्रिबल दबावाखाली घेणारा माणूस हवा. स्मिथ घेतो. लॉयर उजवीकडे घेतो, डावीकडे कचरतो.

दुसरा, बाजू पालटा. डावीकडे फ्रंट करणारा रक्षक बॉल उजवीकडे गेला की आपोआप एडीच्या मागे पडतो. पण बॉल पालटायला दोन पास लागतात आणि मधला माणूस टॉपला उभा असतो. तो नेम धरू शकत नसेल तर त्याचा रक्षक मधे लोंबकळत राहतो आणि दुसरा पास कापतो.

तिसरा, हाय-लो. चार नंबरचा खेळाडू (पाच नंबरच्या एडीच्या जोडीचा उंच माणूस) फ्री थ्रो रेषेच्या कोपऱ्यावर, म्हणजे एल्बोवर, येऊन बॉल घेतो. तिथून एडीकडे सरळ रेषेत पास, कारण फ्रंट करणारा बाजूला तोंड करून उभा असतो. यासाठी चार नंबरला पंधरा फुटांवरून शॉट आणि उंचावरून पास दोन्ही यायला हवं. कॉफमन-रेन इथे सरस. हात मऊ, पास झटकन. गिलिस बाहेर तीनच्या रेषेवर जास्त उपयोगी, पेन स्टेटविरुद्ध त्याने एका सामन्यात नऊ तीन टाकले होते.

चौथा, पाठीशी येणाऱ्या मदतनिसाला शिक्षा करा. तो कुणाला तरी सोडून आलेला असतो, बहुधा विरुद्ध कोपऱ्यातल्या माणसाला. त्या माणसाने कोपऱ्यात पुतळ्यासारखं न राहता विंगवर वर सरकायचं, म्हणजे मदतनिसाला परतायचं अंतर वाढतं. बॉल त्याच्याकडे गेला की रिदममध्ये तीन. हा माणूस मॉर्टन असेल तर मदतनीस परत जातच नाही. इथे शिट्टी आणि केनपोहे दोघांचं म्हणणं एका जागी येतं.

म्हणून माझे पाच : स्मिथ, जोन्स, लॉयर, गिलिस, एडी. कॉफमन-रेनने एडीच्या विश्रांतीत पाच नंबर आणि बाकी वेळ चार नंबर खेळावं.

तीनसेकंद | १८ ऑक्टोबर

पाटीलराव, पोस्ट जपून ठेवण्यासारखी. फक्त एक शंका. जोन्सला तुम्ही आणि मी दोघांनी डोळे झाकून पाचांत बसवलं. सदर्न इलिनॉयला त्याने १३.८ गुण काढले हे ठीक, पण तिथे गेल्या वर्षी त्याचं तीनचं प्रमाण ३० च्या खाली होतं. मग मदतनीस मॉर्टनऐवजी जोन्सला सोडेल, एवढाच फरक.

पोस्टअप_पाटील | १८ ऑक्टोबर

दोन फरक आहेत. तिथे जोन्स संघाच्या पहिल्या दोन पर्यायांपैकी एक होता. शॉट क्लॉक संपत आलं की बॉल त्याच्या हातात, अंगावर माणूस, उडी मारून तीन. इथे तो चौथा पर्याय. त्याला मिळणारे शॉट एडीवरच्या डबल टीममधून येतील, पाय जमिनीवर, छाती रिमकडे. ३० चं ३४-३५ व्हायला तेवढं पुरतं.

दुसरं म्हणजे जोन्स शॉट घ्यायला घाबरत नाही. जो हमखास मारतो त्याच्याकडे धावावंच लागतं, मग त्याचं प्रमाण थोडं कमी का असेना. मॉर्टनची अडचण प्रमाणाची नव्हती, नकाराची होती.

आणि प्रेस तोडायला दुसरा ड्रिबलर मिळाला हा खरा लाभ. इनबाउंड (रेषेबाहेरून येणारा पहिला पास) स्मिथला द्यायचाच नाही, जोन्सला द्यायचा. स्मिथ मधे, अर्ध्या रेषेच्या जरा अलीकडे. ट्रॅप (दोघांचा घेराव) जोन्सवर आला की पहिला पास मधल्या स्मिथला, आणि समोर चार विरुद्ध तीन. गेल्या वर्षी स्मिथच ट्रॅपमध्ये अडकायचा आणि मधे गिलिस किंवा फर्स्ट असायचे. त्यांनी बॉल घेतला की थांबून मागे बघायचे. तिथेच प्रेस जिंकायचा. इनबाउंड कोपऱ्यात मात्र घ्यायचा नाही, दोन रेषा आणि दोन माणसं मिळून चार रक्षक होतात.

मॅकीमावशी | १९ ऑक्टोबर

सगळे गार्डांबद्दल बोलताय म्हणून स्मिथ-लॉयरच्या बाजूने चार शब्द. दोघंही गेल्या वर्षी फ्रेशमन (पहिल्या वर्षाचे) होते आणि दोघंही जवळपास प्रत्येक सामन्यात सुरुवातीपासून खेळले. स्मिथ ९.७ गुण, ४.४ असिस्ट, तीनचं प्रमाण ३७ च्या पुढे. लॉयर ११ गुण, पण तीनचं प्रमाण ३२-३३ आणि ते फेब्रुवारीपासून घसरत गेलं. हायस्कूलचा हंगाम पंचवीस-तीस सामन्यांचा, बिग टेनचा पस्तीस आणि प्रत्येक सामन्यात अंगावर दोनशे पौंडांचे गडी. फ्रेशमन गार्डचे पाय फेब्रुवारीत जातात आणि पाय गेले की शॉट आखूड पडतो, रिमच्या पुढच्या काठाला लागतो. लॉयरचे तसेच लागत होते.

दुसऱ्या वर्षी ताकद वाढते. त्यात ऑगस्टमध्ये संघ युरोप दौऱ्यावर गेला, आणि परदेश दौरा असला की एनसीएए दहा जादा सरावदिवस देते. दर चार वर्षांनी एकदाच मिळणारी सोय. जोन्ससारख्या नवख्याला बसवायला याहून चांगली वेळ नाही.

माझा अंदाज : लॉयर ४० टक्क्यांच्या आसपास.

चौथाखुर्ची | १९ ऑक्टोबर

व्हर्जिनिया २०१८ ला यूएमबीसीकडून हरले, २०१९ ला विजेते झाले. पर्ड्यूचंही तेच होणार, लिहून ठेवा.

केनपोहे | १९ ऑक्टोबर

हे वाक्य मार्चपासून प्रत्येक वाहिनीवर ऐकतोय. व्हर्जिनियाचा डीआंद्रे हंटर यूएमबीसीविरुद्ध खेळलाच नव्हता, मनगट मोडलं होतं. पुढच्या वर्षी तो परतला आणि बरोबर टाय जेरोम, काइल गाय हे मुरलेले गार्ड. पर्ड्यूच्या त्या रात्री कुणी जखमी नव्हतं. पूर्ण ताकदीचा संघ ६३-५८ हरला. तुलना करायचीच तर २०२१ ला नॉर्थ टेक्सस (१३ वं मानांकन), २०२२ ला सेंट पीटर्स (१५), २०२३ ला एफडीयू (१६) अशी सलग तीन वर्षांची रांग लावा. सेंट पीटर्सच्या वेळी तर जेडेन आयव्ही होता, जो पुढे ड्राफ्टमध्ये पाचवा गेला. तिन्ही वेळा समोर छोटे, चपळ, अंगावर येणारे गार्ड.

रच्याकने (जाता जाता), २०१९ मध्ये व्हर्जिनिया एलिट एटमध्ये कुणाला हरवून पुढे गेले ते आठवून बघा. कार्सन एडवर्ड्सचे ४२ गुण, आणि तरी ओव्हरटाइममध्ये ८०-७५.

मॅकीमावशी | १९ ऑक्टोबर

ती आठवण काढायची गरज होती का? 😑

शिट्टी | २० ऑक्टोबर

यंदाच्या नियमबदलाबद्दल कुणी लिहिलं नाही. ब्लॉक-चार्जची (धडकेत फाउल रक्षकाचा की आक्रमकाचा) व्याख्या बदलली आहे. आतापर्यंत आक्रमक हवेत उडण्यापूर्वी रक्षक जागेवर पोचला की चार्ज मिळायचा. आता आक्रमक उडीसाठी शेवटचा पाय रोवतो तेव्हा रक्षक जागेवर हवा. फरक अर्ध्या सेकंदाचाही नाही, पण उशिरा सरकून पडणाऱ्यांचे चार्ज आता ब्लॉक ठरतील.

चौथाखुर्ची | २० ऑक्टोबर

म्हणजे एडीला पर्वणी! त्याच्यासमोर सगळे पडतात.

शिट्टी | २० ऑक्टोबर

नाही. एडीच्या समोर पडतात ते तो पाठीने रेटत असताना, हवेत उडताना नाही. ते पंच फ्लॉप (धडकेचं नाटक) म्हणून बघतात, तो वेगळा नियम. नव्या व्याख्येचा फायदा रिमकडे घुसणाऱ्यांना, म्हणजे स्मिथ आणि जोन्सना. तोटाही आहे : गिलिस आणि मॉर्टन मदतीला सरकून चार्ज घेण्यात पटाईत, त्यांच्या नावावर आता फाउल चढतील. पहिल्या महिन्यात पंच हा नियम कडक लावतील, जानेवारीपर्यंत सैल पडेल. दरवर्षी असंच होतं.

एडीच्या बाबतीत उलट गोष्ट लक्षात ठेवा. तो ३१-३२ मिनिटं खेळतो आणि फाउल फारच कमी करतो, सामन्याला दोनसुद्धा नाहीत. फ्री थ्रो ७३ टक्के. एवढ्या उंचीच्या माणसाला ही नेमबाजी असेल तर मुद्दाम फाउल करून त्याला रेषेवर पाठवायची युक्ती चालत नाही.

अनुजा_डी | २० ऑक्टोबर

त्याला विश्रांती कशी देतात? तो बसला की संघ कोसळतो असं वाटतं.

पोस्टअप_पाटील | २० ऑक्टोबर

टीव्हीचे टाइमआउट ठरलेले असतात. प्रत्येक अर्धात १६, १२, ८ आणि ४ मिनिटांच्या खाली घड्याळ गेल्यावर पहिल्यांदा खेळ थांबला की. एडीला १२.४० वगैरेला बाहेर काढायचं, १२ च्या खालच्या टाइमआउटनंतर लगेच आत. घड्याळात एक मिनिट जातं, पण प्रत्यक्षात त्याला साडेतीन-चार मिनिटं बसायला मिळतं. पेंटर हे नेमाने करतो.

त्या मिनिटांत फर्स्ट किंवा कॉफमन-रेन पाच नंबरवर. बर्ग ७ फूट २ असला तरी अजून कच्चा. खरं तर ती मिनिटं वेगाने खेळायची संधी आहे. हायडी आणि कॉल्विन दोघंही उडणारे, दोघंही नेम धरणारे. गेल्या वर्षी बाकावर असे पाय नव्हते. कॉल्विनला रेडशर्ट करू नये असं ठाम मत.

तीनसेकंद | २१ ऑक्टोबर

वेळापत्रकाकडे या. हंगामाची सुरुवात ६ नोव्हेंबरला सॅमफर्ड, मग मोरहेड स्टेट, १३ ला झेवियर. तिन्ही घरच्या मॅकी मैदानावर, पावणेपंधरा हजारांच्या गोंगाटात. तिथे हरणं अवघड.

मग हवाईतली माउई स्पर्धा. लाहायनात ऑगस्टमध्ये आगीने हाहाकार झाला म्हणून यंदा स्पर्धा होनोलुलूत. पहिला सामना गोंझागा (११ वं), नंतर टेनेसी (९ वं) किंवा सिरॅक्यूज. पलीकडच्या अर्धात कॅन्सस, मार्केट, यूसीएलए. तीन दिवसांत तीन सामने. क्रमवारीतले पहिल्या अकरापैकी पाच संघ एका जागी. इतकी दाटी माउईतही क्वचितच दिसते.

डिसेंबरात ९ ला टोरांटोत अलाबामा, १६ ला इंडियानापोलिसला ॲरिझोना.

माझ्या मते या यादीतला सगळ्यात अवघड पेपर अलाबामा. पाचही जण तीनच्या रेषेबाहेर उभे करतात, त्यामुळे एडीला रिमखाली थांबता येत नाही. पिक अँड रोलवर (उंच माणूस आडोसा देऊन रिमकडे वळतो तो डाव) तो मागे थांबतो, म्हणजे ड्रॉपमध्ये. समोरचा उंच माणूस रोल न होता बाहेर पॉप झाला की पंधरा फुटांची मोकळी जागा. हाच खेळ कॅन्ससचा हंटर डिकिन्सन करू शकतो. मिशिगनला असताना गेल्या वर्षी त्याचं तीनचं प्रमाण ४० च्या वर होतं.

गोंझागा आणि टेनेसीतला एक, अलाबामा, ॲरिझोना. यातले दोन हरणार असं धरून चालतो.

वाबॅशकाठ | २१ ऑक्टोबर

आणि १ डिसेंबर विसरलात. नॉर्थवेस्टर्नच्या घरी. गेल्या वर्षी तिथेच ६४-५८ हरलो, बू बुई परत आलाय. ते एडीवर पास हवेत असतानाच डबल टीम धाडतात, तो बॉल जमिनीवर आपटेपर्यंत थांबत नाहीत. त्यामुळे एडीला वळायच्या आधीच बॉल बाहेर टाकावा लागतो. माउईच्या प्रवासातून परतून नऊच दिवसांत हा सामना. माझा पहिला पराभव तिथे.

केनपोहे | २१ ऑक्टोबर

बाडिस (सहमत). साखळीसाठी माझा क्रम : पर्ड्यू, मिशिगन स्टेट, इलिनॉय, विस्कॉन्सिन, मेरीलँड. मिशिगन स्टेटकडे टायसन वॉकर आणि हॉगार्ड हे अनुभवी गार्ड आहेत, पण एडीसमोर उभा करायला माणूस कुठे? इलिनॉयकडे टेरेन्स शॅनन. इंडियानाचा ट्रेस जॅक्सन-डेव्हिस गेला म्हणून निम्मं संकट टळलं.

वीस सामन्यांत चार पराभव, चारही बाहेर. नॉर्थवेस्टर्न, विस्कॉन्सिन, इलिनॉय आणि एक असा की ज्याचं नाव आज कुणी घेणार नाही.

चौथाखुर्ची | २२ ऑक्टोबर

एवढं सगळं असून तिसराच क्रमांक? मतदारांनी मार्चचा राग काढलाय.

केनपोहे | २२ ऑक्टोबर

हंगामपूर्व क्रमवारी एवढी मनावर घेऊ नका. गेल्या वर्षी नॉर्थ कॅरोलायना पहिलं होतं, ते ६८ संघांतही आलं नाही. कनेक्टिकट पंचविसांत नव्हतं, ते विजेतं झालं. खुद्द पर्ड्यूही पंचविसांत नव्हतं आणि पुढे पहिल्या क्रमांकावर पोचलं. उपयोग एकच : नोव्हेंबरात टीव्हीवर सामना कुठल्या वेळी दिसणार ते यावरून ठरतं.

खरं मोजमाप डिसेंबरात एनसीएएची नेट क्रमवारी सुरू झाल्यावर. निवड समिती क्वाड वन विजय मोजते. घरी पहिल्या ३० मधला, तटस्थ ठिकाणी पहिल्या ५० मधला, बाहेर पहिल्या ७५ मधला संघ हरवला की तो क्वाड वन. माउई, टोरांटो, इंडियानापोलिस सगळी तटस्थ मैदानं. तिथे चार जिंकले तर साखळीत चार हरूनही अव्वल मानांकन मिळेल.

आणि यंदा अव्वल मानांकनाला जास्तच मोल आहे. पहिल्या दोन फेऱ्यांच्या ठिकाणांत इंडियानापोलिस आहे, वेस्ट लाफायेतहून आय-६५ ने तासभर. मिडवेस्टचा विभागीय टप्पा डेट्रॉइटला. समिती वरच्या मानांकनांना जवळचं ठिकाण देते. म्हणजे ॲरिझोनातल्या फायनल फोरपर्यंत चारही सामने गाडीने गाठता येतील, आणि प्रेक्षकांत सोनेरी-काळे बहुसंख्य.

अनुजा_डी | २३ ऑक्टोबर

विषयांतर, पण एडी परत येण्यामागे एनआयएलचे (खेळाडूचं नाव-प्रतिमा वापरू देण्याचे) पैसे होते का? बाकी खेळाडूंना मिळतात तसे?

शिट्टी | २३ ऑक्टोबर

तो कॅनडाचा, विद्यार्थी व्हिसावर. इथल्या आपल्या एफ-१ मंडळींना हे वेगळं सांगायला नको. जुलै २०२१ पासून एनसीएए परवानगी देते, पण व्हिसाचा कायदा एनसीएएच्या हातात नाही. अमेरिकेत जाहिरात चित्रित करणं किंवा सह्या विकणं म्हणजे काम, आणि परवान्याबाहेरचं काम केलं तर व्हिसाच धोक्यात. देशाबाहेर असताना मात्र वाट असते. केंटकीच्या ऑस्कर शिब्वेने गेल्या वर्षी बहामाच्या दौऱ्यात तेच केलं. म्हणजे देशातला सर्वोत्तम खेळाडू या शर्यतीत जवळपास रिकाम्या हाताने धावतोय. टोरांटोचा सामना त्याच्या घरच्या गावात आहे, बाकी तिथे त्याचं काय ते त्याचे वकील बघतील.

वाबॅशकाठ | २९ ऑक्टोबर

काल फेएटव्हिलला आर्कान्सासशी धर्मादाय प्रदर्शनी सामना झाला. ओव्हरटाइममध्ये ८१-७७ हरलो. विक्रमात धरत नाहीत.

चौथाखुर्ची | २९ ऑक्टोबर

झालं. पुन्हा तेच.

तीनसेकंद | २९ ऑक्टोबर

काही झालेलं नाही. ऑक्टोबरात चौदाव्या क्रमांकाच्या संघाशी, त्यांच्या घरी, खच्चून भरलेल्या मैदानात ओव्हरटाइमपर्यंत खेळलो. प्रशिक्षक अशा वेळी जोड्या आजमावतात, जिंकायला खेळत नाहीत. बहुतेक संघ या तारखेला छोट्या कॉलेजला पन्नासने हरवून खूश होतात. त्यातून प्रेसबद्दल काडीचं कळत नाही. पेंटरने मुद्दाम अंगावर येणारा, उड्या मारणारा संघ निवडला. निकाल सोडा आणि चित्रफीत मिळाली तर एवढंच बघा : स्मिथच्या हातून बॉल सुटल्यावर दुसरा पास कोण देतो आणि तो किती सेकंदांत देतो.

पोस्टअप_पाटील | २९ ऑक्टोबर

सहमत. माझी यादी थोडी पुढची. पहिल्या पाच सामन्यांत टर्नओव्हर ११ च्या आत आहेत का. लॉयरचे चुकलेले शॉट रिमच्या पुढच्या काठाला लागतात की मागच्या. चार नंबरचा रक्षक एडीकडे झुकतो की बाहेर थांबतो. आणि जोन्स पहिले दोन शॉट चुकल्यावर तिसरा घेतो का.

चार नंबरबद्दल आता माझंही मत झुकतंय, सुरुवातीला कॉफमन-रेन आणि शेवटच्या आठ मिनिटांत गिलिस. फ्रंट तोडायला पहिला, आघाडी राखायला दुसरा.

मॅकीमावशी | ३० ऑक्टोबर

अंदाज गोळा केले. वाबॅशकाठ : स्वीट सिक्स्टीन. तीनसेकंद : एलिट एट. पाटील : फायनल फोर. केनपोहे : अट पूर्ण झाली तर फायनल फोर, नाहीतर दुसऱ्या आठवड्यातच घरी (हे दोन अंदाज धरू का?). चौथाखुर्ची : विजेते, काल रात्रीपासून 'पहिली फेरी'. शिट्टी : अजून दिलेला नाही. मी स्वतः अंतिम सामना. पर्ड्यूने शेवटचं फायनल फोर १९८० ला पाहिलं, ते यंदा मोडेल असं धरून.

बदल करायचे असतील तर सॅमफर्डच्या टिप-ऑफआधी. नंतरचे धरणार नाही.

केनपोहे | ३० ऑक्टोबर

फायनल फोर धरा. अट कंसात.

शिट्टी | ३० ऑक्टोबर

एलिट एट. समोर चपळ गार्डांचा नव्हे, एडीला एकास एक झुंजवणारा उंच माणूस असलेला संघ आला तर पुढेही. एडी एकास एक हरत नाही.

अनुजा_डी | ३१ ऑक्टोबर

पुण्याहून बघणाऱ्यांसाठी वेळा कुणी सांगेल का?

वाबॅशकाठ | ३१ ऑक्टोबर

५ नोव्हेंबरला इथली घड्याळं तासभर मागे जातात, त्यानंतर वेस्ट लाफायेत आणि पुणे यांत साडेदहा तासांचा फरक. इथे संध्याकाळी सातचा सामना म्हणजे तिकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच. गोंझागाचा सामना २० नोव्हेंबरला इथल्या पाच वाजता, म्हणजे तुमच्याकडे मंगळवारी पहाटे साडेतीन. माउईचे पुढचे दोन सामने कुणाशी आणि किती वाजता ते आदल्या निकालावर ठरेल. आदल्या रात्री इथेच टाकतो.